आषाढाचं देणं

पोशेऱ्याच्या डोंगरात वसंत पाणी घेऊन येत नाही. ओहळ आटत आलेला असतो. सागाची पानं वाळून वाटेवर पडलेली असतात आणि पायाखाली त्यांचा एवढा आवाज होतो, की पुढे चालणाऱ्याशी बोलायचं तर दोघांनाही थांबावं लागतं. नेमक्या त्याच दिवसांत डोंगर फुलतो. आधी काटेसावर, मग पांगारा, मग पळस. होळीच्या सुमाराला कुसुमाला पालवी फुटते ती इतकी लालभडक, की दुरून पाहणाऱ्याला फुलंच वाटावीत. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरतात आणि त्यांचा वास उन्हात जड होऊन वाटेवर रेंगाळतो. मोहाच्या पानगळ झालेल्या फांद्यांना टोकाटोकाला कळ्यांचे घोस येतात. शेवटचा पाऊस पडून चार-पाच महिने झालेले असतात आणि पुढच्या पावसाला अजून तीन महिने असतात.

माझे वडील मोखाडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर गुरुजी होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांच्याबरोबर या वाटा मी लहानपणी चालले आणि आता भांडुपला राहत असले तरी फाल्गुनात इकडे येतेच. अण्णा वारकरी. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी जव्हार-मोखाड्याकडच्या दिंड्या त्र्यंबकला पायी जातात, त्यांत ते असायचे. दिंडीत चालायचं ते नामासाठी आणि फाल्गुनात डोंगर चढायचा तो नुसतं पाहण्यासाठी, अशी त्यांची वाटणी होती. पण पाहणं हीसुद्धा त्यांच्या लेखी उपासनाच होती. ज्ञानदेवांच्या ‘अमृतानुभवा’वर त्यांचा जीव होता. हे दिसणारं जग अज्ञानातून उपजलेला भास नाही, तर चैतन्यच या रूपांनी प्रकट होत आहे, या चिद्विलासाच्या विचारावर ते उभे होते. पळसाचं झाड पाहिलं की ते हात जोडत. मूर्तीपुढे जोडतात तसेच, पायातल्या वहाणा बाजूला काढून.

त्यांचं ते हात जोडणं मला तेव्हाही पटायचं आणि आजही पटतं. अडचण त्याच वाटेवर वीस-पंचवीस पावलं पुढे गेल्यावर सुरू होते. ओहळाच्या पात्रात वाळू आणि गोटे उपसून केलेला एक झिरा असतो. त्याच्या कडेला हंडे-कळशा रांगेत मांडलेल्या असतात आणि एक बाई वाकून वाटीने पाणी भरत असते. चार-सहा वाट्या झाल्या की पाणी संपतं. मग बसायचं. तळाशी पुन्हा पाणी जमेपर्यंत बसायचं, पुन्हा वाटी बुडवायची. हंडा भरला की चुंबळ डोक्यावर ठेवायची आणि तो घेऊन चढ चढायचा. उन्हं चढायच्या आत आपली पाळी यावी म्हणून काही जणी पहाटे अंधारात येऊन बसतात. ती बसलेली असते त्या जागेवरून समोर फुललेला पळस दिसतो. तिलाही तो दिसत असतो आणि तोही सुंदरच दिसत असतो. कष्ट करणाऱ्याला सौंदर्य कळत नाही असं मानणं हा तिचा अपमान आहे. पळसाची फुलं केसांत माळलेल्या मुली मी त्याच झिऱ्यावर पाहिल्या आहेत.

पण मग चिद्विलासाचं काय? पळस हे चैतन्याचं प्रकट होणं असेल, तर कोरडा झिरा कशाचं प्रकट होणं? फुलासाठी देवाचे आभार मानायचे आणि तहान मात्र निसर्गाच्या नावावर टाकायची, हे मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. आभार खरे असतील तर जाबही विचारता आला पाहिजे. धर्मविचारात हा प्रश्न जुना आहे, पण ग्रंथात तो फार लवकर सर्वसामान्य होतो. दुःख, जगत्, कर्म, लीला असे मोठे शब्द येतात आणि झिरा नाहीसा होतो. मला त्याचं उत्तर झिऱ्याच्या जागेवरूनच हवं होतं.

काही वर्षांपूर्वी मार्चमध्ये मी उत्तराखंडात चोपत्याहून तुंगनाथच्या वाटेवर चालले होते. तिथे या दिवसांत बर्फ सुटायला लागतं. पहाटे वरचा थर कडक असतो, त्यावरून माणूस सहज चालतो. ऊन जरा वर आलं की तोच थर मऊ होतो आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. म्हणून तिथले लोक अंधारात निघा, दुपारच्या आत खाली या, असं बजावून सांगतात. थांबून कान दिला तर बर्फाखालून पाणी वाहताना ऐकू येतं. आधी ठिपकणं, मग खळखळ, आणि खालच्या वळणावर पोहोचेपर्यंत तोच नाला वाट ओलांडू देत नाही. झाडीत बुरांश लाल फुललेला असतो. देऊळ मात्र बंद. साडेतीन हजार मीटरच्या वरचं ते शंकराचं स्थान हिवाळ्यात बर्फाखाली जातं, म्हणून देवाची चल मूर्ती खाली मक्कूमठाला नेतात आणि वाट मोकळी झाली की वैशाखाच्या सुमाराला वाजतगाजत वर आणतात.

तिथे आभार मानणं किती सोपं आहे, हे मला त्या वाटेवर जाणवलं. हिवाळ्यात पडलेलं पाणी डोंगराने बर्फ करून धरून ठेवलं, आणि खालच्या शेतांना गरज लागली तेव्हा सूर्याने ते सोडलं. देणारा, राखणारा, सोडणारा सगळे आकाशातले आणि डोंगरावरचे. माणसाने मध्ये काही करायचं नव्हतं. तोच सूर्य, त्याच आठवड्यात, पोशेऱ्याच्या ओहळातलं उरलंसुरलं पाणी उडवून नेत होता. एकीकडे तो सोडवणारा आणि दुसरीकडे हिरावणारा, असा देव मानायचा का?

त्या वाटेवरून परत आल्यावर मी सह्याद्रीकडे निराळ्या नजरेने पाहू लागले. सह्याद्रीला बर्फ नाही. मग त्याचं पाणी राखतो कोण?

पाऊस कमी आहे म्हणावं, तर तसं नाही. जव्हार-मोखाड्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, काही वर्षी त्याहूनही जास्त. मराठवाड्यातल्या कित्येक तालुक्यांच्या तिप्पट. आषाढात इथे छत्री उघडायला अर्थ नसतो. इरलं घेतात आणि तरीही भिजतात. पण हा सगळा पाऊस पडतो तो काळ्या कातळावर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर, वर उतारावर हातभर माती, कुठे तेवढीही नाही. पाणी मुरतं ते कातळाच्या भेगांत आणि दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यात. खालचा घट्ट थर किंवा तांबड्या गेरूचा पट्टा लागला की ते आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. म्हणून इथले झरे एका रेषेत, जवळजवळ एकाच उंचीवर सापडतात. अशा झऱ्यावर बहुधा एखादा उंबर असतो आणि जवळपास शेंदूर लावलेला दगड. ज्याने पहिल्यांदा तो दगड तिथे मांडला, त्याला लाव्ह्याचे थर माहीत नव्हते, पण पाणी कुठून येतं आणि त्याला जपावं लागतं एवढं नक्की माहीत होतं.

बाकीचं पाणी वाहून जातं. त्र्यंबकच्या डोंगररांगेतून गोदावरी पूर्वेला निघते आणि वैतरणा पश्चिमेला. गोदावरी अर्धा भारत ओलांडून जाते, वैतरणेला समुद्र जवळ आहे. मोखाड्याच्या उतारांवरचं पाणी पावसाच्या जोरात काही तासांत ओहळाला, ओहळातून नदीला, आणि नदीतून धरणाला किंवा खाडीला मिळतं.

जे थांबतं, ते कोण थांबवतं? मुळं, पालापाचोळा, माती आणि भेगा. हिमालयात जे काम बर्फ करतं ते इथे रान करतं. म्हणजे आपल्याकडेही वसंतात साठलेलं पाणी सुटतंच, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. ते ऐनाच्या सालीमागे साठलेलं असतं, मोहाच्या खोडात असतं. वनस्पतिशास्त्र सांगतं, की पानझडी रानातली अनेक झाडं पानं टाकतात तेव्हा त्यांच्यातून पाणी उडणं थांबतं. खोल गेलेली मुळं थोडं थोडं पाणी वर ओढत राहतात, खोड पुन्हा भरतं, आणि मग दिवस मोठा होऊ लागला की त्या पाण्यावर फूल आणि पालवी येते. पावसाची वाट न पाहता.

अण्णा म्हणायचे, झाड पावसावर आगाऊ विश्वास टाकतं, श्रद्धा अशी असावी. मला त्यांचं हे म्हणणं सुंदर वाटायचं, पण आता ते खरं वाटत नाही. झाड उद्याच्या पावसावर भरवसा ठेवून पालवत नाही. गेल्या आषाढात जे मिळालं ते त्याने जपलं, भाद्रपदातली सगळी पानं शेवटी सोडून दिली, आणि जपलेल्यातून फुललं. कुसुमाची लाल पालवी म्हणजे आठ महिन्यांपूर्वीचा पाऊस आहे. श्रद्धेचा धडा घ्यायचाच तर मी तो इथून घेईन: कृपा पुढे कधीतरी येणार आहे म्हणून डोळे लावून बसणं ही श्रद्धा नव्हे, झालेली कृपा राखणं ही श्रद्धा.

पोशेऱ्याजवळच्या एका पाड्यावर एक म्हातारे भगत आहेत. त्यांच्या अंगणात बसून मी त्यांना हा प्रश्न सरळच विचारला होता, की बाबा, देव तुमच्या बायकामुलींना फाल्गुनात तहानेलं का ठेवतो? त्यांना माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. ते म्हणाले, देवाचं काय आहे त्यात? तो चार महिने देतो, इतकं देतो की घरात शिरतं. आपल्यापाशी राहत नाही. राहू देत नाहीत. एवढं बोलून त्यांनी वैतरणेच्या खोऱ्याच्या दिशेला हात केला.

त्यांनी हात केला त्या दिशेला मध्य वैतरणा धरण आहे. मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्यापाशी शंभर मीटरहून उंच भिंत उभी आहे आणि तिच्यामागे अडवलेलं पाणी २०१४ पासून मुंबईला जातं. रोज साडेपंचेचाळीस कोटी लिटर. त्याच नदीवर खाली मोडकसागर १९५७ पासून आहे, वर अप्पर वैतरणा आहे. हे पाणी भांडुपच्या केंद्रात शुद्ध होतं आणि माझ्या घरी सकाळी नळाला येतं. ते मी पिते. मुंबईने पाणी पिऊ नये असं मी म्हणत नाही. सव्वा कोट माणसं तहानेलेली ठेवून कुठलाच धर्म साधत नाही. पण ज्या तालुक्यात एवढं पाणी वर्षभर अडवून ठेवता येतं, त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही गोष्ट देवाच्या इच्छेने घडत नाही. पाणी उताराने खालीच जाणार, पाड्यावर चढवायला पंप आणि वीज लागते, वस्त्या विखुरलेल्या आहेत, ही कारणं खरी आहेत. शंभर किलोमीटर बोगदे आणि नळ टाकतानाही अशीच खरी कारणं होती आणि ती ओलांडली गेली.

इथे मला १९३४ सालचा एक वाद आठवतो. १५ जानेवारीला बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला. गांधीजी म्हणाले, की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथांनी त्याला कळकळीने विरोध केला: सृष्टीतल्या भौतिक घटनांचं कारण भौतिकच असतं, तिथे नीतीचा निवाडा शोधू नये, आणि गांधींसारख्या माणसाने तसं सांगितलं तर लोकांची विचारशक्ती दुबळी होईल. गांधीजींनी तो निषेध आपल्या ‘हरिजन’मध्येच छापला आणि आपलं म्हणणं सोडलं नाही. मी पूर्णपणे रवींद्रनाथांच्या बाजूची आहे. जमिनीखालचे थर सरकतात तेव्हा ते वर कोण राहतं हे विचारत नाहीत, आणि त्या भूकंपात ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांनीही सोसलंच. तरीही गांधीजींच्या चुकीच्या विधानामागची एक कळ मला समजते. माणसाचं वागणं आणि माणसाचं दुःख यांचा काही संबंधच नाही, असं त्यांना म्हणवत नव्हतं. पोशेऱ्यात तो संबंध उघड आहे आणि तो जोडायला कोपलेला देव मध्ये आणावा लागत नाही. धरणाची भिंत, तोडलेलं रान, पेटलेला पाला आणि दुरुस्तीवाचून पडलेली विहीर पुरेशी आहेत.

पेटलेल्या पाल्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण शहरातून येणारे फिरस्ते या बाबतीत पटकन पाड्यावरच्या माणसाला दोषी ठरवतात. राब भाजणं वेगळं आणि वणवा वेगळा. राब शेतकरी आपल्या तुकड्यावर भाजतो: फांद्या, पाला, शेण यांचा थर पसरून, वर माती टाकून, वारा पाहून. त्या भाजलेल्या जागी नागलीची, वरईची, भाताची रोपं जोमाने येतात आणि तण मरतं. वणवा बहुतेकदा निष्काळजीपणाने लागतो, कधी विडीच्या थोटकाने, आणि कधी मोह वेचायच्या वेळी. मोहाची फुलं रात्री-पहाटे टपटप पडतात. वाळक्या पाल्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला पेटवून जागा साफ करतात. आग तिथेच राहिली तर ठीक, सुटली तर डोंगर जळतो. पाला जळाला की पुढच्या आषाढातलं पाणी थांबवणारा पहिला पहारेकरी गेला. अलीकडे काही ठिकाणी बायका झाडाखाली जुन्या साड्या किंवा जाळी पसरतात, फुलं स्वच्छ मिळतात आणि पेटवावं लागत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. रानाविषयीचा आदर म्हणजे काय, हे सांगायला मी त्या पसरलेल्या साडीकडे बोट दाखवेन.

होळीला इथे सगळे परत येतात. दिवाळी झाली की पाडे अर्धे रिकामे होतात. भिवंडी, वसई, वाड्याच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर कुटुंबंच्या कुटुंबं जातात. सणापुरती का होईना, ती परततात, आणि होळीनंतर मोखाड्यात जगदंबेचा बोहाडा उभा राहतो. रात्रभर संबळ आणि सनई, टेंभ्यांचा उजेड, आणि एकामागून एक देवांची सोंगं. आधी गणपती, शारदा, मग पुढे नरसिंह, भीम, रावण, आणि शेवटी देवी आणि महिषासुर. मुखवटे जड असतात. कागदाच्या लगद्याचे, रंगवलेले, काही पिढ्यान् पिढ्या घरात जपलेले. जो माणूस नरसिंहाचं सोंग घेतो तो त्या रात्री नरसिंह असतो. लोक त्याच्या पाया पडतात, मुलं त्याच्या पायांवर घालतात. हाच माणूस आठवड्यापूर्वी भट्टीवर विटा वाहत होता आणि सण झाला की परत जाणार आहे.

चिद्विलास म्हणजे काय, हे मला ‘अमृतानुभवा’पेक्षा बोहाड्यात जास्त कळलं, असं म्हटलं तर अण्णांना वाईट वाटलं नसतं. देव तिथे प्रकट होतो हे खरं, पण त्यासाठी कुणाला तरी तो मुखवटा वर्षभर उंदरांपासून, ओलीपासून राखावा लागतो, कुणाला तरी रात्रभर टेंभा धरावा लागतो आणि कुणाच्या तरी पायांनी देवाला नाचावं लागतं. हे हात-पाय वजा केले तर उरतो तो मुखवटा, भिंतीवर टांगलेला. चैतन्य जर सगळ्या रूपांनी प्रकट होत असेल, तर ते माझ्या हातांच्या रूपानेही होतं, आणि कोरड्या झिऱ्यापाशी मी हात जोडून उभी राहिले तर त्या प्रकट होण्यात मीच आडवी येते. जाब विचारायला निघाले होते, तो मलाच विचारला गेला.

तरी एक प्रश्न उरतो आणि तो मी टाळणार नाही. पोशेऱ्यात पाऊस पडतो. जिथे तो पडतच नाही तिथे काय? सगळंच माणसाच्या माथी मारता येत नाही. १६३० च्या सुमाराला महाराष्ट्रात पावसाने पाठ फिरवली आणि माणसं अन्न अन्न करत मेली. देहूत तुकोबांची पहिली बायको रखुमा त्या दुष्काळात गेली, मुलगा गेला, दुकान बुडालं. तहानेची आणि भक्तीची गोष्ट निघाली की लोकांना एकनाथांची कावड आठवते. मला तुकोबा आठवतात, कारण नाथांच्या गोष्टीत पाणी हाताशी होतं. तुकोबांपाशी काही उरलं नव्हतं. त्यांनी देवाशी भांडण केलं ते जन्मभर केलं, त्यात तडजोड नाही. पण परंपरा सांगते ते असं: घरात सावकारीची जुनी खतं होती, लोकांकडून येणं होतं. त्यांनी निम्मी खतं भावाला, कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. दुष्काळ का पडला, याचं उत्तर त्यांना मिळालं होतं म्हणून नव्हे. ते न मिळताही, दुष्काळातून उठलेल्या माणसाच्या डोक्यावरचं जे ओझं आपल्या हातात आहे ते त्यांनी उतरवलं. पाऊस त्यांच्या हातात नव्हता, खतं होती.

म्हणून मोठ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत छोटं काम थांबवायचं नाही, असं मी तुकोबांकडून घेते. आणि पोशेऱ्याच्या बाबतीत तर मोठा प्रश्नही देवापर्यंत जात नाही, वाटेतच आपल्यापाशी थांबतो.

माझं आता आमच्या दिंडीतल्या मंडळींशी या एका गोष्टीवरून सारखं बोलणं चालतं. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत देवळात काकडा असतो. पहाटे चारला माणसं उठतात, थंडीत अंघोळ करून देवळात येतात, उजाडेपर्यंत भजन होतं. ज्या गावात रोज पहाटे तीस-चाळीस माणसं न बोलावता एकत्र येतात, त्या गावात कामाला माणसं मिळत नाहीत हे मला पटत नाही. आणि ओहळ अडवायचे दिवसही नेमके तेच. पाऊस संपलेला असतो, ओहळ अजून वाहता असतो, खळ्यावरचं काम पुरतं सुरू व्हायचं असतं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून, तोंडं शिवून, विटांसारख्या सांधे चुकवत रचून वनराई बंधारा बांधायला खर्च जवळजवळ नसतो. अडवलेलं पाणी फाल्गुनापर्यंत उघड्यावर टिकत नाही, हे मीही जाणते. पण ते कडेच्या मातीत आणि भेगांत शिरतं आणि खालच्या झिऱ्याला काही आठवडे जास्त पाणी राहतं. झिऱ्यावर बसणाऱ्या बाईला ते काही आठवडे पुष्कळ असतात.

आक्षेप घेणारे आहेत. काकड्याच्या आनंदात गोण्या कशाला आणता, असं एक ज्येष्ठ माळकरी मला म्हणाले. नाम आणि काम वेगळं ठेवावं, असं त्यांचं मत. मी त्यांना म्हटलं, बुवा, तुम्ही पहाटे ज्याला जागं करता तो जागा झाल्यावर कुठे जातो असं तुम्हाला वाटतं? ते हसले नाहीत. विचारात पडले, आणि मग त्यांनी विचारलं की बंधारा कुठल्या वळणावर घालायचा.

वळण निवडायचं ते दोन्ही काठ उंच आणि पक्के असतील असं. तळाला कातळ लागेपर्यंत वाळू बाजूला करायची, नाहीतर पाणी गोण्यांच्या खालून निघून जातं. तळाशी रुंदी जास्त, वर कमी होत जाणारी. मधल्या भागात एक थर खाली ठेवायचा, म्हणजे जास्तीचं पाणी मधूनच जातं आणि काठ पोखरत नाही. उंची फार करायची नाही. एका मोठ्या बंधाऱ्यापेक्षा वरपासून खालपर्यंत छोटे चार बरे. आणि पहिला बंधारा झऱ्याच्या रेषेच्या वर घालायचा, शेंदूर लावलेल्या दगडाच्याही वर. तो दगड कुठे आहे, हे पाड्यावरची बाईच सांगू शकते, तेव्हा जागा ठरवताना तिला बोलवायचं, आणि पहिलं बोट तिला दाखवू द्यायचं.